सर्व्हरच्या आयुधपूजेबाबत

प्रति,
मा. सचिव श्री. गंगाधरराव,
शिंपी सहकारी गणवेश संघ,
म्हैसूर.

विषय : आयुधपूजेला सर्व्हरची वायर उपटल्याचा दोष अर्जदाराच्या माथी न मारणेबाबत.
संदर्भ : आपली दि. २४/१०/२०२५ ची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. बन्नूरच्या शाळेतील पहिलीच्या गुंजनला तिच्या पी.टी. मास्तरांच्या मापाची पँट कशी गेली, आणि त्याबद्दल अर्जदारास संगणक विभागातून काढून काजे-बटण विभागात का बसवू नये, असे आपण विचारले आहे. त्याचा खुलासा येणेप्रमाणे.

२. सर्व शाखांची मापे एकाच सामायिक फोल्डरमध्ये असतात. तो फोल्डर सर्व्हरवर, आणि सर्व्हर आपल्या केबिनमागच्या कपाटात. दि. १ ऑक्टोबर रोजी कात्र्या व शिलाई यंत्रांबरोबर आपण त्यासही हळदकुंकू वाहिले. कुंकू पंख्याने आत ओढले, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु नंतर "रात्रंदिवस राबतंय, पाप, बिचारं! वर्षातनं एक दिवस विश्रांती बेडवा, नको?" असे म्हणून आपण स्वहस्ते वायर उपटली. त्या वेळी बन्नूर शाखेत वनजाबाई मापे भरीत होत्या. त्यांचा संगणक जागीच गोठला. ना पुढे जाई, ना बंद होई. बाई संध्याकाळपर्यंत पडद्याकडे बघत बसल्या.

३. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर यादी उघडली, तर मापांच्या रकान्यात मधेमधे रिकाम्या जागा. अर्जदार त्या भरायला बसण्याआधीच कोणा पुण्यवंताने त्या पुसून यादी "नीट" केली. खालची मापे वर सरकली आणि मास्तरांची कंबर गुंजनपुढे आली. पुण्यवंत कोण, ते कळणे नाही. कारण सगळे एकाच नावाने आत जातात आणि पासवर्ड सूचनाफलकावर, सुट्ट्यांच्या यादीखाली, चिकटवलेला आहे.

४. वेगळे पासवर्ड आणि प्रत ठेवायला दुसरी डिस्क मिळावी म्हणून अर्जदाराने तीन अर्ज केले. तिन्हींवर आपला शेरा एकच : "सगळी आपलीच माणसं, भीती कुणाची?" अर्जदारास आपल्याच माणसांची भीती वाटते, हे ती येथे स्पष्ट नमूद करते.

५. सबब नोटीस मागे घ्यावी. अर्जदाराचे घराणे चार पिढ्यांचे शिंपी असले तरी तिला काजे करता येत नाहीत. बदलीत नुकसान संघाचेच आहे. ही नोकरी तिला जिवापाड आवडते, हेही कळावे.

६. पूजेस विरोध नाही. कपाटात आता हिरवा दिवा लुकलुकणारा रिकामा डबा ठेवला आहे. त्यास पुढील वर्षी झेंडूची माळ घालून हवी तितकी विश्रांती द्यावी. खरा सर्व्हर सुखरूप आहे. तो कोठे हलवला, हे मात्र लिहिता येत नाही. कारण नियमानुसार या अर्जाची प्रत त्याच सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी लागते.

वायर सोडून सर्व बाबतींत आपली आज्ञाधारक,
विद्याश्री
संगणक विभाग
म्हैसूर, दि. २७/१०/२०२५

सोबत :
(१) नोटिशीची प्रत.
(२) शेऱ्यांसह तीन अर्ज.
(३) गुंजनची पँट. पाहून लगेच परत करावी; सध्या ती व तिचा भाऊ मिळून घालतात.