सातवं डोकं

दि. ३ मार्च
चि. खटपट्यास आजीचे अ. उ. आ.

तुझ्या पक्षाच्या शाखेने माझी पुढची खोली बळकावली आहे. दर रविवारी शिंपी अध्यक्ष होऊन भिंतीला टेकतो, त्याच्या तेलकट डोक्याचा डाग पडलाय. तुझ्या हातचा नियमांचा कागद माझ्याच खिळ्याला टांगलाय: सात डोकी जमल्याशिवाय सभा नाही, आणि जिचं घर ती आपोआप सभासद. मला विचारलंस का रे मेल्या? दोन यत्ता शिकलेल्या बाईला पुढारी केलंस. मास्तर सांगतात तुझी गालफडं बसलीत. जेवत जा. लोभ आहेच, पोस्टाने किती पोचतो बघ.

दि. १९ मार्च
ती. आजीस सा. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एकशे बारावी शाखा उघडली. नव्या गावात गेलो की आधी शिंप्याचं नाहीतर न्हाव्याचं दुकान गाठतो. तिथे माणसं थांबतात, बोलतात. सात जण, एक खोली, एक वही, झाली शाखा! नियम सगळीकडे आपल्याच खोलीतले.

पण मुख्य कचेरी माझ्यावर उलटली आहे. उमेदवार शाखांनीच ठरवावा, एवढंच मी बोललो होतो. मला काढायचा ठराव त्यांनी शाखाशाखांत पाठवला. निम्म्याहून जास्त शाखांनी होकार दिला की मी बाहेर. छप्पन्न हो म्हणाल्या, पंचावन्न नाही. आपली उरली, आणि मुदत येत्या रविवारची; तोवर तिचा होकार गेला नाही तर मी वाचलो. त्या दिवशी तू खोलीतून हलू नकोस. तुझ्यासमोर कोणाचा हात वर जाईल? मला दुसरं काही करता येत नाही गं. आशीर्वाद असू दे.

दि. २७ मार्च
चि. खटपट्यास अ. उ. आ.

तू सांगितलंस तशी खुर्ची टाकून बसले. सहाच आले. एकेकाला सोलून काढलं. तुम्हाला चारचौघांत उभं राहून बोलायला कोणी शिकवलं, म्हटलं. सगळे चपलांकडे बघत होते. शिंपी रडवेला झाला, म्हणाला, नाही म्हटलं तर वरचे शाखाच बंद करतील. मास्तरांनी डोकी मोजली आणि म्हणाले, सहाच आहोत, सभा होत नाही, चला घरी.

तेवढ्यात पोस्टाच्या कारकुनाने भिंतीवरचा कागद वाचला आणि माझ्याकडे बोट केलं. सातवं डोकं माझं निघालं. मी तरातरा उठले, तर म्हणे वहीत हजेरी लागली. मी आणि मास्तर सोडून पाच हात वर गेले.

स्वयंपाकघरात भांडी घासत बसले असते तर तू राहिला असतास.

दि. ४ एप्रिल
ती. आजीस सा. न.

बसायला मीच सांगितलं. नियमही माझाच. इथल्या शाखेने काल मला दारातूनच परत पाठवलं, अगदी नम्रपणे. तेही मीच शिकवलंय. एकशे बारा गावांत माझ्या ओळखी होत्या. आता कुठे उतरावं कळत नाही.

दि. ११ एप्रिल
चि. खटपट्यास अ. आ.

शाखेला हाकलायला केरसुणी घेऊन उभी होते. पण शिंपी तुझा कागद फडक्याने पुसत होता. तुझं अक्षर, म्हणून राहू दिला. कागद राहिला, तशी शाखाही राहिली.

घरी ये. अंथरूण घालते, बोलणार काही नाही. लोभ होता तेवढाच आहे. फक्त रविवारी येऊ नकोस. त्या दिवशी खोलीत सभा असते.