इम्पॅक्टचं वर्ष

२ जानेवारी
संकल्प: या वर्षी आपलं जर्नल इंडेक्समध्ये, म्हणजे मान्यताप्राप्त जर्नलांच्या यादीत. बस्स. दुसरा संकल्प नाही. (वजनाचा आहे, पण तो दर वर्षीचा.)
विषय इन्फॉर्मेट्रिक्स. म्हणजे कुणाच्या लेखाचा संदर्भ, आमच्या भाषेत सायटेशन, किती जणांनी दिला ते मोजायचं आणि त्यावरून कोण किती पाण्यात ते सांगायचं. जगाचं आम्ही सांगतो. आमच्या जर्नलला मात्र चार वर्षांत बाहेरून एकही सायटेशन नाही. तरुण जर्नलचं असंच असतं.

९ जानेवारी
संचालकांनी बोलावलं. म्हणाले, वर्षअखेर इंडेक्समध्ये आलात तर ठीक, नाहीतर जर्नल बंद. तुमची खोली क्रीडा विभाग मागतोय, त्यांना गाद्या ठेवायला जागा नाही. मी म्हटलं, सर, निश्चिंत राहा. ते म्हणाले, मी निश्चिंतच आहे. प्रोत्साहन द्यायची प्रत्येकाची पद्धत वेगळी.
संध्याकाळी बायकोला सांगितलं. तिने विचारलं, पण तुमचं ते जर्नल कुणी वाचतं का? समजावलं, की आमचं शास्त्र वाचण्याचं नाही, मोजण्याचं आहे. ती म्हणाली, बरं, मग आधी भाजी चिरा.

२० फेब्रुवारी
जर्नलचा स्कोप, म्हणजे विषयांची व्याप्ती, वाढवला. आधी ‘ज्ञानाचे मोजमाप’ होतं. आता ‘ज्ञानाचे मोजमाप व सर्व संबंधित विषय’. सहसंपादिकेने विचारलं, सर, सर्व म्हणजे कोणते? म्हटलं, सर्व.
मुलगी हुशार आहे, पण शंका फार. पहिल्या अंकात पानं भरत नव्हती, तेव्हा हिचाच एक लेख मी मोठ्या मनाने घेतला होता. कसल्याशा आकृत्या होत्या.

११ मार्च
वाढीव स्कोपचा परिणाम. तीन लेख आले! एक गुडघेदुखीवर, एक मधमाश्यांवर, तिसऱ्यात नुसताच लेखकाचा फोटो. मधमाश्यांचा घेतला. त्यात निदान मधमाश्या मोजल्या होत्या.

१८ एप्रिल
परिषदेत चहाच्या वेळी एक संपादक भेटला. त्याचं जर्नलही तरुण, सायटेशनही शून्य. पाच मिनिटांत सूत जुळलं. ठरलं ते असं: त्याने आमच्या लेखांचे संदर्भ द्यायचे, आम्ही त्याच्या. मी याला शेजारधर्म म्हणतो. त्याने हातातल्या बिस्किटासकट हात मिळवला.

१९ एप्रिल
सहसंपादिका म्हणाली, सर, हे पकडलं जातं. म्हटलं, कोण पकडणार? या दोन जर्नलांकडे बघतंय कोण? ती म्हणाली, सर, पहिल्या अंकात मी हेच तर... तेवढ्यात फोन वाजला. तिचं राहून गेलं.

२ जून
शेजारी पावला! त्याच्या ताज्या अंकात एकाच लेखात आमच्या एकोणचाळीस लेखांचे संदर्भ. आम्ही आजवर छापलेत चाळीस. राहिलेला कोणता ते पाहिलं. सहसंपादिकेचा. तिला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही.

७ जुलै
परतफेड. मधमाश्यांच्या लेखात शेजाऱ्याचे पन्नासेक संदर्भ घातले. लेखकाचा फोन, की माझ्या मधमाश्यांचा यांच्याशी काय संबंध? सांगितलं, आमचा स्कोप वाचा.

२५ ऑगस्ट
सायटेशनचा आलेख भिंतीवर लावला. रेषा कागदाबाहेर गेली. वर दुसरा कागद चिकटवला.
सहसंपादिकेने राजीनामा दिला. दुसरीकडे काम मिळालं म्हणे. ऐन भरभराटीत लोक सोडून जातात, त्याला आपण काय करणार? जाताना पहिल्या अंकाची एक प्रत टेबलावर ठेवून म्हणाली, सर, कधी वेळ मिळाला तर. हळवी आहे. फायली उडू नयेत म्हणून वर ठेवायला उपयोगी.

१० ऑक्टोबर
इंडेक्सकडे अर्ज रवाना. संचालकांना म्हटलं, झालंच समजा.
क्रीडाशिक्षक खोलीचं माप घ्यायला आले. टेपचं दुसरं टोक मीच धरलं. जिंकणाऱ्याने दिलदार असावं.

१२ डिसेंबर
इंडेक्सचा मेल. नाकारलं. पुढची पाच वर्षं अर्जही करायचा नाही. शेजाऱ्यालाही तेच. कारण: संगनमताने दिलेली सायटेशन्स. पुढे लिहिलंय, की अशी जोडी शोधण्याची पद्धत एका लेखात सापडली, आणि खाली त्या लेखाचा संदर्भ.
आपलंच जर्नल. वर्ष पहिलं, अंक पहिला. सहसंपादिकेचा लेख.
बाहेरून आलेलं आपलं पहिलं खरंखुरं सायटेशन! आनंदाने उठून उभाच राहिलो. मग खाली बसून मेल पुन्हा वाचला.

१३ डिसेंबर
इंडेक्सला फोन केला. विचारलं, तुमच्या मेलमधलं सायटेशन आमच्या खात्यावर धरणार ना? पलीकडची मुलगी अदबीने म्हणाली, नाही सर, मेल मोजत नाहीत.
मग शेजाऱ्याचा फोन. ओरडत होता, की असा लेख तुम्हीच छापलात आणि मला बोलला नाहीत? मला माहीत नव्हतं, हे कोणत्या तोंडाने सांगू?

३० डिसेंबर
गाद्या आल्या. खुर्ची आधीच नेली होती, म्हणून गाद्यांवरच बसलो. आलेख काढला. टेबल रिकामं करताना तो पहिला अंक हाती आला. दोन पानं छापखान्यातूनच जोडलेली होती, ती पट्टीने सोडवली. लेख शेवटपर्यंत वाचला.
चांगला आहे. फार चांगला आहे. आमची सगळी करामत त्यातल्या तिसऱ्या आकृतीत जशीच्या तशी आहे.
शेवटी आभार मानलेत: ‘संपादकांनी हा लेख बारकाईने वाचून मोलाच्या सूचना केल्या.’ मी फक्त शीर्षक लांब होतं म्हणून कापलं होतं. खूप लाज वाटली. मग क्रीडाशिक्षक कुलूप लावायला आले.
घरी बायकोने विचारलं, उशीर का? म्हटलं, वाचत बसलो होतो. तिने विचारलं, काय? म्हटलं, आमचं जर्नल.
तिने भाजी आणि सुरी माझ्यापुढे सरकवली.