भिंतीवरची साय

६ जानेवारी
आले एकदाची! खाणीची प्रयोगशाळा ऐसपैस, खिडकीत ऊन, सोबतीला थट्टेखोर म्हातारे तंत्रज्ञ. सगळे त्यांना गारगोटी म्हणतात. राहायला वहिनीचं घर. दादाचा डबा अजून फडताळात आहे.

कशासाठी आले ते लपवणार नाही. गेल्या वर्षी खाणीत पाणी घुसलं, दादाची अख्खी पाळी अडकली. शोध थांबवला, बोगद्याला भिंत घातली. मालक म्हणतात, पावसाचं पाणी, दैवाचा कोप! मी म्हणते, हावरटासारखं खणलंत, म्हणून खालचं खारं, गरम पाणी फुटलं. माणसं तुम्ही मारायची आणि नाव दैवाचं? भिंतीच्या फटींतून झिरपून चुन्याची पांढरी साय धरली आहे. पाणी जातं, पण सायीच्या थराथरात आपली खूण ठेवून जातं. खोल पाण्याची खूण लिथियम आणि स्ट्रॉन्शियम. दगडाला लाच चारता येत नाही.

९ जानेवारी
सायीच्या पहिल्या तुकड्यात लिथियम भरपूर! मी टाळीच वाजवली. पण स्ट्रॉन्शियम जवळपास नाहीच; उलट सोडियमच्या जोडीला पोटॅशियम वाढलेलं. गारगोटी म्हणाले, बाई, घाम गाळा, पण नमुन्यावर नको. हातमोजे विसरले होते. खजील झाले.

१२ जानेवारी
मोजे घातले, तुकडा नवा. आकडे तेच. घामाचे. किंवा आसवांचे. पण आसवांत लिथियम कुठून येणार? या वेळी गारगोटी हसले नाहीत.

१३ जानेवारी
जेवताना वहिनीकडे विषय काढला. ती म्हणाली, वन्सं, तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ होती. त्यांचं मन फार खचायचं, डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. नाव विचारलं. लिथियम.

१४ जानेवारी
साय भिंतीवर आहे. म्हणजे भिंत घातल्यानंतरची. म्हणजे दादा तेव्हा जिवंत —
गारगोटी ढसाढसा रडले. म्हणाले, आतून ठोकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. साहेबांनी सांगितलं, पाणी आपटतंय. विटा रचत राहिलो.

१६ जानेवारी
सर्वांत वरचा थर कालचा. ओला. लिथियम त्यातच सगळ्यात जास्त. वर्ष झालं. कोण रडतंय अजून?

१७ जानेवारी
भिंतीपाशी. तळवा टेकला होता, क्षणभरच — निघत नाही. डाव्या हाताने लिहिते आहे. साय मनगटावर चढली. गार. दुखत नाही.

दादा, भिंत मी फोडणार होते. साऱ्या जगापुढे —

आतून करंगळी धरली आहे. रस्ता ओलांडताना धरायचा, तश्शी. वहिनीला सांगा, तो