अकरा दिवसांची माती

अण्णा, आज तुमचं गुपित मी रंगवून घेतलं आणि भर रस्त्यावर टांगलं. मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेवर माझी रोपवाटिका आहे, तिच्या फाटकाला पत्र्याची पाटी लावली. पिवळ्यावर काळी अक्षरं, रिक्षातून जाणाऱ्यालाही वाचता येतील एवढी मोठी. पोयटा किती घमेली, शेणखत किती, निंबोळी पेंड किती, हाडांचा चुरा, चुलीतली राख, गूळ-ताकाचं पाणी, सगळं मापासकट. कुणी विचारलं की तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात आणि तळवा पुढं करून म्हणायचात, "माप कशाचं सांगू? ह्यो हाताचा गुण हाय." तो हाताचा गुण आता घमेल्यांच्या हिशेबात फाटकावर लटकतोय. पेंटर ब्रश पुसत होता तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की त्याला मी दोनदा चहा पाजला.

तुमच्या दोन राशी होत्या. पुढची गिऱ्हाइकांसाठी, आणि मागची, शेडच्या पलीकडे, तुरीच्या आडोशाला. मागच्या राशीतली माती फक्त दोन अर्ध्या कापलेल्या पिंपांत जायची आणि त्या पिंपांत गांजाची दोन झाडं असायची. आईला तुम्ही सांगितलं होतं, गुडघ्याचं औषध आहे. तुमच्या तिन्ही दोस्तांचे गुडघे रोज दिवेलागणीला एकाच वेळी कसे दुखायचे हे तिनं कधी विचारलं नाही. ती रास कालवायची वेळ झाली की मला चहा टाकायला पाठवलं जायचं. मी मात्र रिकाम्या गोण्या मोजायची आणि तुमचं बनियन धुताना वास घ्यायची. गूळ, ताक, पेंड. पुढच्या राशीत मी स्वतः जे कालवत होते तेच सगळं. वेगळं काहीच नव्हतं अण्णा. वेगळे होते ते दिवस. मागची रास तुम्ही ओल्या गोणपाटाखाली चाळीस दिवस मुरवायचात, रोज सकाळी पाणी शिंपडून, लेकराला पांघरूण घालावं तसं गोणपाट सारखं करून. पुढच्या राशीला गिऱ्हाईक येईल तेवढेच दिवस. पेंड आणि शेण एकत्र आलं की माती आतून तापते, वरून हात लावला तर गार, आत नुसती भट्टी. म्हणून कोपरापर्यंत हात घालायचा आणि पन्नास आकडे मोजायचे. तेवढा वेळ हात सुखानं राहिला तर माती मुरली. हे तुम्हीच मला शिकवलंत. एवढं एक तुम्ही मला शिकवलंत हे मी नाकारत नाही.

क्रांती चौकाकडच्या त्या निवृत्त साहेबांना नव्या बंगल्याच्या गच्चीसाठी चाळीस गुलाब हवे होते, वास्तुशांतीच्या आत. रास अकरा दिवसांची होती. मी हात घातला आणि वीस मोजायच्या आत काढला. "अण्णा, अजून तापलीय," मी म्हणते. तुम्ही वरून पाण्याची झारी फिरवता, चिमूटभर माती बोटांत चुरता आणि म्हणता, "थंडगार हाय. भर कुंड्या." मी भरते. वास्तुशांतीला आठ दिवस होतात न होतात तोच साहेब गाडीतून उतरतात, मागच्या सीटवर करपलेलं एक रोप घेऊन. पानांच्या कडा कागद जळल्यासारख्या. आवारात सात-आठ गिऱ्हाइकं आहेत, दादा आहे, सिल्लोडहून आलेली आत्या आहे. तुम्ही मला नावानं हाक मारून पुढं बोलावता. मला वाटतं, आता सांगतील की घाई झाली, नवीन रोपं देतो. तुम्ही माझं मनगट धरून हात वर करता आणि म्हणता, "हिनं कालवली साहेब. हिचा हातच उष्ण हाय. म्या किती येळा सांगितलं, मातीला हात लावू नगंस."

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. उष्ण हात म्हणजे आपल्याकडे काय, हे तुम्हाला ठाऊक होतं: त्या बाईनं शिवलं की रोप जळतं, लोणचं नासतं. चोरी केली म्हटलं असतंत तर खरं-खोटं करता आलं असतं. उष्ण हाताचं कुणी काय सिद्ध करणार? आत्या तेच गाठोड्यात बांधून सिल्लोडला घेऊन गेली. त्या उन्हाळ्यात घरात कैऱ्या फोडल्या, मीठ लावलं, मोहरी घातली, आणि मी बरणी उचलायला गेले तर आईनं बरणी अलगद माझ्या हातातून काढून घेतली. तुळशीचं वृंदावन सारवायचं काम वहिनीकडे गेलं. रोपवाटिका दादाकडे जाणार हे त्याच वर्षी ठरलं, कारण उष्ण हाताच्या पोरीला रोपवाटिका कोण देणार? दादानं पुढं ती मोडून तिथं मोबाईलचं दुकान टाकलं. त्याचा हात थंड होता, अगदी सगळ्याच बाबतीत.

आता तुम्हाला ठाऊक असलेली, पण आपण दोघांनीही कधी न उच्चारलेली गोष्ट. तुम्ही आत्याकडच्या लग्नाला दोन दिवस सिल्लोडला गेलात. जाताना दोन्ही पिंपं चाळीस दिवसांच्या मातीनं भरून ठेवली होती, आल्यावर रोपं लावायची म्हणून. मी त्या दोन दिवसांत पिंपं तळापासून उपसली. पुढच्या राशीतली कच्ची माती आत भरली. ती बरोबर अकरा दिवसांची व्हावी म्हणून कधी कालवायची हे मी आत्याकडून आलेल्या लग्नपत्रिकेवरची तारीख पाहून ठरवलं होतं. वर वीतभर तुमची मुरलेली माती पसरली, गोणपाट होतं तसं घातलं. राग डोक्यात गेला म्हणून हातून घडलं, असं मी म्हणणार नाही. घाम पुसत, नीट, मन लावून केलं. आयुष्यात एवढ्या सुखानं मी दुसरी माती भरली नाही.

तुम्ही आलात, हातपाय धुतले आणि रोपं लावलीत. स्वतःच्या हातानं. पाचव्या दिवशी दोन्ही झाडांनी माना टाकल्या. सकाळी मी चहा घेऊन शेडमागं येते तर तुम्ही उकिडवे बसलेले, उजवा हात कोपरापर्यंत पिंपात. पन्नासच काय, शंभर मोजून होतील एवढा वेळ तुम्ही हात काढत नाही. मी वाट बघते आहे की तुम्ही ओरडाल. पण कुणापुढं ओरडणार अण्णा? ह्या झाडांची फिर्याद कुठल्या चौकीत देणार होतात? तुम्ही मान वर न करता विचारता, "किती दिसाची व्हती?"

"अकरा," मी म्हणते. "लावली मात्र तुम्ही. हात तुमचाच व्हता."

तुम्ही हात बाहेर काढलात. लालभडक झाला होता. धोतराला पुसलात आणि माझ्याकडून कप घेऊन चहा प्यालात, सगळा. मला वाटलं, फिटलं. आता हे आवारात चार माणसांपुढं एक वाक्य बोलतील, की पोरीचा हात बरा आहे, माझी घाई नडली. एवढंच वाक्य हवं होतं मला. त्यानंतर तुम्ही तीन वर्षं जगलात. पुढच्या उन्हाळ्यात आत्या आली, ओसरीवर लोणच्याची बरणी उघडली, मी नुसतं फडकं द्यायला पुढं झाले तर म्हणाली, "तू नगं गं बाई, तू लांबच ऱ्हा." तुम्ही समोर बसून शेंगा फोडत होतात. माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तुम्ही शेंग फोडलीत, दाणे तोंडात टाकलेत आणि टरफल ताटलीत ठेवलंत. झाडं मारली तेव्हा माझा राग अर्धा उतरला होता. त्या टरफलानं तो परत चढला आणि आजतागायत उतरलेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा सगळ्या रडल्या. मी तुमचा उजवा हात बघत बसले होते.

आज पाटी लागल्यावर तुमच्या तिघा दोस्तांपैकी एकटे उरलेले काका काठी टेकत आले. चष्मा वर-खाली करून पूर्ण वाचलं. "पोरी, ह्ये तर त्याचं हाय. आम्हाला बी कधी सांगितलं नाय पठ्ठ्यानं. आन् तू असं वाऱ्यावर सोडलंस? लई दिलदार हायस बघ."

"दिलदार नाय काका," मी म्हटलं. "खुनशी हाय."

ते हसले, त्यांना थट्टा वाटली. मग पाटीच्या खालच्या ओळीवर काठी टेकवून म्हणाले, "आन् ह्ये एवढं मोठं कशापायी?" तिथं लाल रंगात लिहून घेतलंय: चाळीस दिवस मुरल्याशिवाय माती विकली जाणार नाही. मी त्यांना म्हटलं, गुपित म्हणतात ते हेच होतं, बाकी सगळं घमेल्यातलं. जाताना काकांनी इकडे तिकडे पाहून हळूच विचारलं, "मंग त्या साली शेडमागची झाडं कशानं मेली गं?" मी म्हटलं, "अण्णांचा हात उष्ण व्हता." त्यांनी मान डोलावली. आता ते चार ठिकाणी सांगतील. सिल्लोडपर्यंत जाईल. जाऊ दे.

हे पत्र कुठं टाकणार? सुतळीच्या खणात ठेवून देईन, पावत्यांखाली. पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगते. माझ्या मातीत लावलेलं रोप आजवर करपून परत आलेलं नाही. गुलाब, टोमॅटो, मोगरा, एकही नाही. तरी प्रत्येक राशीत हात घातला, पन्नास मोजले, माती थंड लागली, की मी हात बाहेर काढून थोडी थांबते आणि मग डावा हात घालून परत मोजते. उजव्या हाताचं मला अजून खरं वाटत नाही. आणि लोणचं मी अजून विकतचंच आणते.