तीन आभासी टेबले आणि एक नावाडी

या दस्तातून मला एक विधान सिद्ध करायचे आहे. आमच्या घरातला खेळ माणसांनी मोडला नाही. माणसांच्या जागी बसवलेल्या सॉफ्टवेअरने मोडला, आणि तपासलेल्या तिघांपैकी एकाने विशेष करून. विधान सिद्ध झाले की माझ्या चीजवस्तूंची वाटणी त्यातून आपोआप निघते. म्हणून दोन्ही कामे एकाच कागदावर उरकत आहे.

मी तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, अविवाहित, घरातली थोरली बहीण. हृदयाची झडप निकामी होत चालली आहे, असे डॉक्टर म्हणतात. बुद्धीची झडप शाबूत आहे, असे मी म्हणते, आणि ज्याला शंका असेल त्याने समोर बसून वाद घालावा. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. तेवढी सवड माझ्या नातेवाइकांत कोणालाच नाही. नावे, खातेक्रमांक आणि चतुःसीमा वकिलांच्या जोडपत्रात आहेत. इथे मी माणसांना नात्याने किंवा धंद्याने संबोधले आहे, कारण ती माझ्या घरात त्याच हक्काने आली.

कलम १. राहते घर माझा धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, या दोघांना समाईक मिळावे. दोघांत वर्षभर अबोला आहे, हे मी जाणते. मधे भिंत घालून वाटणी करावीशी वाटल्यास ती कुठे घालायची एवढ्यापुरते तरी त्यांना तोंड उघडावे लागेल.

कलम २. बँकेतील शिल्लक माझ्या औषधपाण्याची व अंत्यविधीची बिले भागवून भाचीला द्यावी. आकडा बँकेला ठाऊक आहे, मिरवण्यासारखा नाही.

कलम ३. जेवणाचे टेबल दातांच्या डॉक्टरांना द्यावे. या टेबलाभोवती आम्ही चौघे, म्हणजे मी, भाऊ, भाची आणि डॉक्टर, कित्येक वर्षे दर शनिवारी खेळत आलो. वाचणाऱ्या न्यायाधीशांना हा खेळ ठाऊक नसेल तर सांगते. एक जण सूत्रधार होऊन जग सांगतो. बाकीचे त्यातली पात्रे होतात, आपण काय करतो ते बोलून सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासे टाकतात. सूत्रधार मी होते. भाची दरोडेखोर होती आणि डॉक्टर भित्रा सरदार. डॉक्टरांना त्यासाठी अभिनय करावा लागत नसे. भाऊ होता नावाडी.

भावाने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. माणसांना वर-खाली नेता नेता त्याची स्वतःची जीभ मधल्याच मजल्यावर अडकली. घरात तो दोन शब्द बोलला तर भिंती दचकत. तोच माणूस नावाडी झाला की राजांशी हुज्जत घाली, वादळाला शिव्या देई. फक्त वाक्य पुरे व्हायला वेळ लागे. त्याच्यासाठी मी या टेबलावर एक नियम केला होता: खेळाडूचा तळहात टेबलावर पालथा असेतो त्याचे बोलणे संपलेले नाही, आणि बोलणे संपेपर्यंत निकाल नाही. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. आमच्याकडे तो कधी कोणी मोडला नव्हता.

कलम ४. भाची नोकरीनिमित्त दूर गेली आणि खेळ संगणकावर नेण्याची वेळ आली; प्रत्येक जण आपापल्या घरून कॅमेऱ्यापुढे बसे. नकाशा, सोंगट्या आणि फासे पडद्यावर मांडून देणारी सॉफ्टवेअरे मिळतात. त्यांना आभासी टेबल म्हणतात. प्रत्येकाने आपले घोडे पुढे दामटले. तिन्ही टेबले मी स्वतः वापरून पाहिली. माझे मूल्यमापन असे.

पहिले भावाने आणले. त्याला मी ‘बाजार’ म्हणते. ब्राउझरमध्ये उघडते, काही बसवावे लागत नाही, ही त्याची एकमेव सभ्यता. पुढे प्रत्येक झाड, प्रत्येक राक्षस, फाशांचा रंगसुद्धा विकत. भावाने हौसेने माझ्या खात्यावर एक आख्खी गुहा घेतली. वर्गणी थकल्यावर गुहेला कुलूप लागले. मी अटी वाचल्या. त्यांत लिहिले आहे की घेतलेली वस्तू ग्राहकाची होत नाही, त्याला केवळ ती पाहण्याची परवानगी मिळते. तक्रार केली तर उत्तर आले, “आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.” तो त्यांनी ठेवून घ्यावा. सबब, बाजारातील माझी सर्व खरेदी मी कोणालाही देत नाही, कारण ती माझ्याकडे कधी नव्हतीच. वर्गणी तत्काळ बंद करावी.

दुसरे डॉक्टरांचे, तो ‘फळा’. एक चित्र, त्यावर गोल सोंगट्या, कोपऱ्यात फासे. नियम कळत नाहीत, हिशेब येत नाही, दिवा लावता येत नाही. डॉक्टर म्हणाले, “ताई, यात काही बिघडतच नाही.” मी म्हटले, “डॉक्टर, ज्या तोंडात दातच नाहीत त्यात कीड कशी लागेल?” तरीही नोंदवते की फळ्यावर खेळताना आम्ही पडद्याकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त पाहत होतो.

तिसरा ‘कारखाना’. हे भाचीचे लाडके. एकदाच विकत घ्यायचे, आपल्याच संगणकावर चालवायचे. कंपनी बुडाली तरी खेळ आपल्यापाशी राहतो. हा गुण खरा आहे आणि मी तो मान्य करते. पण त्याला शेकडो जोडभाग. एक आवाजाचा, एक पावसाचा, एक दारे किरकिरण्याचा. नवी आवृत्ती आली की निम्मे जोडभाग संपावर जातात. शनिवारची अर्धी संध्याकाळ भाचीच्या “आत्या, एक मिनिट हं, हे असं का करतंय बघते” या वाक्यात जाई. मशाल जिथवर पोचते तिथवरच दिसते, भिंतीआड धुके असते, आणि तलवार चालवली की घाव, ढाल, चिलखत यांचा हिशेब यंत्र स्वतः करून निकाल लावते. कोणी विचारेपर्यंत थांबत नाही. भाचीच्या मते हाच त्याचा मोठेपणा.

कलम ५. उदाहरण. विधानाला उदाहरण लागते, ते हे.

त्या शनिवारी आम्ही कारखान्यात होतो. नावाडी पुलावर एकटा, समोर भालाईत. भालाइताची पाळी आली, मी हल्ल्याची आज्ञा दिली. भाऊ म्हणाला, “थांब, मी… मी वल्हं आडवं…” वाक्य अर्ध्यावर असतानाच फासे गडगडले, घाव मोजला गेला आणि नावाड्याच्या सोंगटीवर कवटी उमटली. भावाचा कॅमेरा त्याच्या कपाळावर रोखलेला होता. हात कोणाला दिसत नव्हता.

पुढचे संभाषण मला शब्दशः आठवते.

“मी बोलत होतो,” भाऊ म्हणाला.

“बाबा, मी नाही मारलं. नियमानं मारलं,” भाची म्हणाली.

“नियम तिथं कोणी बसवला?”

“म्हणजे मी मुद्दाम केलं का? तुमच्यासाठीच आठवडाभर नकाशा करत बसले होते! तुम्हाला पूल आवडतात म्हणून पूल काढला!”

“पूल काढलास. मला बोलू कुठं दिलंस?”

“तुम्ही पटकन बोलत नाही त्याला मी काय करू, बाबा?”

तिने ते बोलायला नको होते, आणि बोलताक्षणी तिला ते कळले. डॉक्टर मध्ये पडले. “अहो, फासे परत टाकू या. काय बिघडतं?”

मी म्हटले, “डॉक्टर, तुम्ही पडलेला दात परत बसवता का?”

“बसवतो की, ताई. वेळेत आणला तर.”

भावाच्या चौकटीतले कपाळ गेले आणि काळा चौकोन उरला. तेव्हापासून तो खेळलेला नाही, आणि मुलीच्या फोनला उत्तर देत नाही. भाचीने तीनदा पत्र पाठवले, ते माझ्या पत्त्यावर, ‘आत्या, तू दे’ म्हणून. मी दिले. त्याने आपल्या घरी टपाल ठेवण्याच्या टोपलीत ठेवले. विजेच्या बिलाखाली.

निष्कर्ष: निकाल कधी लावायचा हे ठरवण्याचा अधिकार यंत्राला दिला की ऐकून घेण्याची जागा उरत नाही, आणि ज्याला बोलायला वेळ लागतो त्याचा बळी प्रथम जातो. कारखाना दोषी.

कलम ६. वरील निष्कर्षानुसार: माझ्या ज्या संगणकावर कारखाना चालतो तो डॉक्टरांनी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक या नात्याने पुसून टाकावा आणि भंगारात द्यावा. यापुढे कोणी खेळलेच तर फळ्यावर खेळावे. सूत्रधारकी भाचीला मिळावी, मात्र कारखाना न वापरण्याच्या अटीवर.

कलम ७. माझे पितळी फासे भावाला. नकाशांच्या गुंडाळ्या डॉक्टरांना. त्यांच्या दवाखान्यात भिंतीवर जबड्याच्या चित्रांखेरीज काहीतरी असावे. ज्या सहकाऱ्याने निवृत्तीच्या समारंभात माझ्या छंदाचा ‘भातुकली’ असा उल्लेख केला, त्याला माझी तर्कशास्त्राची क्रमिक पुस्तके. त्याने ती पहिल्या पानापासून वाचावीत.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. लाभ घेणाऱ्याने साक्ष देऊ नये, म्हणून यात ज्यांना काहीही मिळत नाही अशाच दोघांना बोलावले. दोघांनी ते हसून मान्य केले.

साक्षीदार पहिल्या: कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीण. (सही)
साक्षीदार दुसरे: वरच्या मजल्यावरचे चष्मेवाले. (सही)
मृत्युपत्र करणारी: थोरली बहीण. (सही)
स्थळ: राहत्या घराची जेवणाची खोली. दिनांक: १४ नोव्हेंबर.

पुरवणी. साक्षीदार अजून खोलीतच आहेत. मी त्यांना थांबवून घेतले आहे.

वाचून दाखवताना पाचव्या कलमापाशी माझा आवाज अडखळला, कारण तिथे एक हेत्वाभास आहे, आणि विद्यार्थ्याच्या वहीत सापडला असता तर मी तो लाल शाईने खोडला असता. यंत्राने निकाल लावला हे खरे; पण तो अंतिम नव्हता. कारखान्यात लागलेला निकाल मागे घेण्याची आज्ञा असते. ती फक्त सूत्रधाराच्या पडद्यावर दिसते. त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर होती. भाऊ बोलत होता, हे मला ऐकू आले होते. भाची वाट पाहत होती की आत्या काहीतरी करील. मी केले नाही. कारखाना वाईट आहे हे मी आठवडेच्या आठवडे सांगत होते, माझ्याकडे उदाहरण नव्हते, आणि ते आयते पुढ्यात आले होते. ते हातचे जाऊ द्यायला मी तयार नव्हते. वाद जिंकण्यासाठी मी भावाचा नावाडी मरू दिला, आणि त्याचे खापर त्याच्या मुलीवर फुटत असताना गप्प बसले.

सबब विधान असिद्ध. कलम ६ रद्द. सूत्रधारकी भाचीला विनाअट. टेबल कोणते, हे तिने आणि तिच्या वडिलांनी ठरवावे. डॉक्टरांनी ही पुरवणी माझ्या मरणाची वाट न पाहता उद्याच दोघांना वाचून दाखवावी. मला ते जमणार नाही. संगणक पुसू नये. भालाइताने हल्ला करण्याच्या आधीचा क्षण त्यात जतन आहे. मी आताच उघडून पाहिला. नावाडी पुलावर उभा आहे, आणि त्याचे बोलणे अजून पुरे व्हायचे आहे.

चूक माझी.

(सही) थोरली बहीण, सूत्रधार
(सही) औषधांच्या दुकानाच्या मालकीण
(सही) चष्मेवाले