परत पाठवलेली माटोळी

बाबा, तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. पत्र लिहायची सवय आपल्या घरात कुणालाच नव्हती, तुम्हाला तर सहीपुरतंच लिहिता यायचं. तरी लिहितो आहे. चार वर्षांपूर्वी मी एक घर घेतलं. आपल्या गावापासून दोन डोंगर पलीकडे, पेडण्यातच. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मागे बारमाही पाण्याची बाव, पुढे बसायला बाल्कांव. मोपाचा विमानतळ झाल्यापासून आपल्याकडे खडकाळ जमिनीलाही सोन्याचा भाव आला आहे आणि हे घर मला इतक्या कमी किमतीत मिळालं की लोक तोंडावर विचारायचे, "कसलां भूत आसा रे त्या घरात?" गावात आपलं घर आहेच, हे मला माहीत आहे. पण ते आपल्याला कायद्यानं मिळालेलं. भाटकाराच्या मालकीच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, मुंडकार म्हणून नोंद झाली आणि तुमच्यामागे मी अर्ज करून ते नावावर करून घेतलं. गावात अजूनही त्याला 'भाटातलं घर' म्हणतात. मला असं एक घर हवं होतं की ज्याच्याबद्दल कुणी म्हणणार नाही, हे ह्यांना राहायला दिलं होतं. विकत घेतलेलं, माझ्या पैशांनी, माझ्या अकलेनं.

आणि अकलेत मी कमी पडलो नाही, हे आधी सांगतो. मी दहावीनंतर शाळा पाहिली नाही, पण आज दिल्ली-बंगळुरूचे लोक जुनी घरं घ्यायच्या आधी मला बोलावतात. ते जनेलांच्या रंगीत काचा बघतात, बावीत डोकावून फोटो काढतात. मी वासे बघतो. वाशाला हातोडीच्या दांड्यानं ठोकायचं आणि कान लावायचा. भरीव वासा घट्ट बोलतो, वाळवीनं खाल्लेला पोकळ. मला कुणी शिकवलं नाही, सगळं आपलं आपण शिकलो, असं मी सांगत फिरतो. हे ठोकून ऐकणं मात्र तुमचं आहे. सुतारकामावरून येताना तुम्ही माझ्या हातात तो घडीचा लाकडी गज दिलात आणि म्हणालात, "मेजूक शीक, पण आधी आयकूक शीक." कागदांचं मी स्वतः शिकलो. आपल्या गोव्यात घर एकट्याचं नसतं. भावाबरोबर भावजयीची सही लागते, बहिणीबरोबर जावयाची. ह्या घराला अकरा सह्या होत्या. फोंड्याला एक बहीण, मुरगाव बंदरात कामाला असलेला एक जावई, सावंतवाडीला एक विधवा सून. प्रत्येकाकडे मी स्वतः गेलो आणि प्रत्येक नाव जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून घेतलं. तिथं बाहेरचे लोक फसतात. मी फसलो नाही.

जागेच्या कोपऱ्यात, माडांच्या खाली, दोन खोल्यांचं मातीचं घर होतं. त्यात एक म्हातारा एकटा राहायचा. जन्मभर माडावर चढून नारळ पाडलेला माणूस, पायाचे तळवे चामड्यासारखे, बायको वारलेली, एकुलती मुलगी दोडामार्गला दिलेली. घर विकणाऱ्यांतला थोरला भाऊ मला म्हणाला, "तो? तो असोच रवता. आज आसा, उद्या नाय." त्याची कुठल्याच कागदावर नोंद नव्हती. पण त्याचा बापही तिथंच जन्मलेला. म्हणजे तो कोण होता हे मला सांगायला वकील लागत नव्हता, मी मुंडकाराचाच मुलगा. कागद नसला तरी कायद्यानं त्याला तिथून हलवता येत नव्हतं. माझ्याआधी एक दिल्लीचं जोडपं त्याच्यामुळेच मागे सरलं होतं आणि किंमत उतरली होती ती त्याच्याचमुळे. तेव्हा मला कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. मी सगळं बघून घेतलं. मला वाटलं, ह्या माणसांना मी ओळखतो, मी निभावून नेईन. खरेदीखत झाल्यावर मी पहिल्यांदा गेलो तर तो माडाला टेकून विडी ओढत होता. म्हणाला, "घर इकत घेतलंस, बरां केलंस. माका पण त्याच्यातच धरलंस मां?" मी हसलो. तोही हसला. मग म्हणाला, "तुज्या बापसाची नि माजी चवथीची माटोळी एकाच डोंगरावयली."

म्हापशाच्या वकिलानं मला एकच सांगितलं होतं. त्याच्याशी भांडू नका, त्याला जा म्हणू नका, पण त्याच्याकडून काही घेऊ नका. भाडं नाही, काम नाही, एक नारळसुद्धा नाही. घेतलं की नातं मान्य केल्यासारखं होतं, उद्या मामलेदारासमोर तेच उभं राहील. मी ते वहीत लिहून घेतलं.

तुम्हाला आठवतं, मी एकोणीस वर्षांचा होतो त्या चवथीला आपलं काय झालं ते? दरवर्षी चवथीच्या आदल्या दिवशी तुम्ही पहाटे डोंगरावर जायचात. गणपतीच्या वर माटोळीची लाकडी चौकट टांगायची, तिला रानातली फळं बांधायची, ती भाटकाराच्या घरी पोचवायचं काम आपलं. कांगलां, घागऱ्यो, एखादं लालभडक कवंडळ, वर सुपारीचा शिपटो. तुम्ही अंगणात गोणपाटावर ते मांडता आहात, खराब फळ बाजूला काढता आहात, आणि मी दारात उभा राहून कायदा वाचतो आहे. मी म्हणालो, आता घर आपलं होणार, त्या माणसाकडे हमाली कशाला? तुम्ही मान वर केली नाहीत. म्हणालात, "कायदो घर दिता. शेजार दिता?" मी म्हटलं, तो शेजारी नाही, मालक आहे. तेव्हा तुम्ही उठलात. मला वाटलं मारता. तुम्ही फक्त म्हणालात, "मी देवाचां घेवन जातंय. तो कोण आसा तां त्येचा त्येणा बघूचा." संध्याकाळी तुम्ही हळदीच्या पानातल्या पातोळ्या घेऊन परत आलात. भाटकाराच्या आईनं दिलेल्या. मी खाल्ल्या नाहीत. खूप दिवस मला वाटायचं, त्या वादात मी जिंकलो होतो.

घर घेतल्यानंतरची पहिली चवथ. आदल्या दिवशी दुपारी आपल्या दाराशी तो म्हातारा आला. एक बस आणि वर अर्धा तास चाल, खांद्यावर गोण. बाहेरूनच ओरडला, "भाटकारानू, आसास मां घरात?" ते 'भाटकारानू' त्यानं मस्करीतच म्हटलं होतं, पण मला आतपर्यंत लागलं. त्यानं गोण उघडली. तुम्ही मांडायचात तसंच, वेल न तोडता, एकही फळ डागी नाही.

मी विचारलं, "हे कशाला आणलंत?" त्याच्याशी मी कागदावरची मराठी बोललो, बाबा.

"कशाक म्हणजे? उद्या चवथ. माटोळी टांगूची नाय?"

"आमची टांगून झाली. आणि तुमच्याकडून मला काही घेता येणार नाही."

"गरिबाकडचां म्हणान?"

"तसं नाही. कायद्याचं आहे."

त्यानं एक वेल उचलून माझ्यासमोर धरली. मग हसला. "घागऱ्यांक पण कायदो लागता?"

आतून तुमची सून बाहेर आली. "अवो, देवाचां तां. दारातसून परत धाडतत काय असां?" मी तिला म्हटलं, तू आत जा. ती गेली नाही. म्हाताराच म्हणाला, "रवांदी गो बाय. माज्याखातीर घोव-बायलेचो तंटो नको." आणि खाली बसून एक एक वेल गोणीत भरायला लागला. वकिलानं घेऊ नका म्हटलं होतं, देऊ नका म्हटलं नव्हतं, म्हणून मी म्हणालो, बसा, चहा आणतो. मी आत जाऊन बाहेर आलो तेव्हा गोण त्याच्या खांद्यावर होती. "च्या नको. तू घेणस नाय, तर मी तरी कसो घेव?" एवढं बोलून तो पायऱ्या उतरला.

महिन्याभरात त्यानं घराला कुलूप लावलं आणि किल्ली नाक्यावरच्या दुकानात माझ्या नावानं ठेवली. मुलीकडे गेला. शिमग्याच्या आधी तिथंच वारला, हे मला त्या दुकानदारानं चहा-पुड्या मोजता मोजता सांगितलं. वकील म्हणाला, "काम आपोआप झालं की." मी किल्ली घेऊन त्या मातीच्या घरात गेलो. सवयीनं वासा ठोकून पाहिला. भरीव होता. त्याच वाशाला त्यानं ती माटोळी टांगली होती. सुंभानं, सारख्या अंतरावर, सगळं वाळून काळं पडलेलं. त्याच्याकडे गणपती नसायचा, तो भावकीत पुजायचे. खाली नुसती शेणानं सारवलेली जमीन होती.

घर आता निर्वेध आहे. आठवड्याला एक तरी फोन येतो. जी किंमत सांगतात ती ऐकून तुम्ही खाली बसला असतात. मी विकत नाही आणि राहायलाही जात नाही. पावसाळ्याआधी जातो, कौलं परततो, बाव उपसतो, येतो. तुमची सून एकदाही आलेली नाही. चवथीला माटोळी मात्र आता ती एकटी बांधते, मला हात लावू देत नाही.

एक गोष्ट तिलाही माहीत नाही. चहाचं निमित्त करून मी आत गेलो तो वकिलाला फोन करायला. त्यानं उचलला नाही. म्हातारा पायऱ्या उतरून गेला आणि दोन मिनिटांत वकिलाचाच फोन आला. मी सांगितलं, काय काय आणलं होतं ते नावांसकट सांगितलं. तो हसायला लागला. "अहो, सणाचं आहे, घ्या. पानाफळांनी कुणाचा हक्क सिद्ध होत नाही." तेव्हा म्हातारा पाणंदीच्या वळणावर होता. खांदा बदलायला त्यानं गोण गडग्यावर टेकवली होती. माझी हाक सहज पोचली असती. पण हाक मारली असती तर त्याच्यासमोर आणि हिच्यासमोर म्हणावं लागलं असतं की मी चुकलो. मी उभा राहिलो. त्यानं गोण उचलली आणि गेला.

हे खरं तर त्याच्या मुलीला लिहायला हवं होतं. ती दोडामार्गला कुठे राहते ते मी शोधून काढलं आहे, घर नंबरासकट. तिला पत्र पोचेल, बाबा. म्हणून तुम्हाला लिहिलं.