दोन, पाच आणि सात क्रमांकाची गाणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही. घालायला घरात येते कोण. दोन वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात सगळे भाचीच्या नावे होते, ते मी रद्द करते. वकीलबाईंचे म्हणणे, कारणे लिहायची गरज नसते. मला गरज आहे.

१. तिसऱ्या मजल्यावरचे हे दोन खोल्यांचे घर समोरच्या दारच्या नर्सला द्यावे. माझे खुब्याचे हाड मोडले तेव्हा ती अकरा आठवडे ड्यूटीवर जाण्याआधी माझी वेणी घालून जात होती. माझ्या धाकट्या बहिणीला हे कळले तेव्हा ती फोनवर म्हणाली, "बरं झालं बाई, कोणीतरी आहे." तर ते कोणीतरी या घराचे मालक होईल. न्हाणीघराचा नळ गळतो, तो तिने आधी दुरुस्त करून घ्यावा.

२. बँकेत जे काही उरेल ते आमच्या निवृत्त ऑपरेटर बायकांच्या मंडळाला जावे. त्यांनी ते सहलीवर उडवावे. माझ्या नावाचा फलक वगैरे लावू नये. मला माझे नाव कुठे हवे होते ते पुढे येईलच.

३. ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेली चारशे अकरा गाणी. ही कोणाला देता येत नाहीत. दुकानाचा तसा नियम आहे, तो वकीलबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचला. गाणे घेतले म्हणजे ऐकण्याची परवानगी घेतली, आणि परवानगी माणसाबरोबर संपते.

"मग इतकी वर्षं मी विकत काय घेत होते?" मी विचारले.

"ऐकणं," त्या म्हणाल्या.

बरे. कॉम्प्युटर मात्र पावतीसह माझा आहे. त्याचे काय करायचे ते कलम सहामध्ये लिहिले आहे.

४. आता कारणे. अडतीस वर्षांपूर्वी धाकटीची आठ गाण्यांची कॅसेट निघाली. तिचा आवाज चांगला होता, हे मी कधी नाकारले नाही. स्टुडिओ दोन दिवसांसाठी घेतला होता. पहिल्या दिवशी पाच गाणी झाली आणि संध्याकाळी तिचा घसा बसला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस हातातले घड्याळ बघत फेऱ्या मारत होता. मी रजा काढून सोबतीला गेले होते. घरी दोघींना एकच शिक्षक शिकवायला येत, चाली मलाही पाठ होत्या. तो माणूस म्हणाला, "बहिणी आहात, आवाज सारखा आहे. कोण ओळखणार आहे?" म्हणून दोन, पाच आणि सात क्रमांकाची गाणी मी गायले. धाकटीने माझा हात धरून सांगितले, "ताई, दुसऱ्या आवृत्तीत तुझं नाव घालू."

दुसरी आवृत्ती आली. वेष्टनाचा रंग बदलला होता. नाव एकच होते. मी विचारले तर म्हणाली, "अगं, राहून गेलं."

मी तेव्हा बोलले नाही, कारण त्याच वर्षी तिचा नवरा तिला आणि दीड वर्षांच्या मुलीला टाकून गेला. कार्यक्रम मिळाले तर घर चालणार होते, आणि लोक कार्यक्रमात पाचवे गाणे हटकून मागत. तिने ते जवळच्यांनाही फरक कळू नये इतके माझ्यासारखे बसवले होते. ते गाणे गाऊन तिने मुलगी वाढवली. मी एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून इतरांचे आवाज एकमेकांना जोडत राहिले. मला वाटले, भाची मोठी झाली की आपसूक सांगेल ती. मी वाट पाहण्यात आयुष्य काढलेली बाई आहे, हा माझा दोष मी इथे लिहून ठेवते.

५. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर घेतला. दुरुस्तीवाल्याने त्यात गाणी वाजवायचा प्लेअर बसवून दिला आणि ऑनलाइन दुकानात खाते उघडायला शिकवले. सात वर्षांपूर्वी त्या दुकानात आमची कॅसेट दिसली. भाचीने चढवली होती, मला न सांगता. मी आठही गाणी घेतली. दुकानात प्रत्येक गाण्यापुढे ते किती खपले याची पट्टी असते. सगळ्यांत लांब पट्टी पाचव्या गाण्याची होती, त्याखाली दुसऱ्याची, मग सातव्याची. खाली लोकांनी अभिप्राय दिले होते. एका बाईने लिहिले होते की आईच्या शेवटच्या आजारपणात ती रोज दुसरे गाणे लावत असे. त्या बाईने आभार माझ्या बहिणीचे मानले होते.

प्लेअरमध्ये गाण्यावर उजवी कळ दाबली की माहितीची चौकट उघडते. कलाकार या रकान्यात आपल्याला हवे ते लिहिता येते. त्या दुपारी मी तीन गाण्यांपुढे माझे नाव लिहिले. माझ्या घरात, माझ्या पडद्यावर, दुसऱ्या कोणाला दिसणार नाही असे. तेवढ्यावर मी जवळजवळ सात वर्षे समाधानी होते. याची मला आज लाज वाटते.

मग या वर्षी भाची एकदा आली. "मावशी, किती जुना प्लेअर आहे हा, अपडेट करून देते," म्हणून बसली. तिचे झाले आणि प्लेअरने दुकानातून सगळी माहिती नव्याने ओढून घेतली. माझे नाव तिन्ही ठिकाणी गेले, धाकटीचे आले. मी तिच्या देखत परत टाइप करू लागले.

"हे काय करतेस?"

मी सांगितले. सगळे, पहिल्यापासून. ती ऐकून घेत होती, पण मोबाइल हातातून खाली ठेवत नव्हती. मी म्हटले, "दुकानात माझं नाव टाक. तीनच गाण्यांवर."

"मावशी, लोकांना ती आईची गाणी म्हणून माहीत आहेत. आता या वयात आईला हे कशाला? आणि तुझ्याकडे पुरावा काय आहे?"

पुरावा. या मुलीला ताप आला की मी रात्रपाळी बदलून घ्यायची. असो. ते हिशोबात धरू नये.

मी दुकानाला लेखी हरकत पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आले की वाद मिटेपर्यंत ती तीन गाणी काढून ठेवली आहेत. मी दुकान उघडून पाहिले. आठांतली पाच उरली होती, मधले क्रमांक गायब. मला आनंद होईल असे वाटले होते. ती आईला गाणे लावणारी बाई आता काय शोधत असेल, एवढेच डोक्यात आले.

दुसऱ्याच आठवड्यात धाकटी आली. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने हा जिना चढला. पाणीसुद्धा घेतले नाही. म्हणाली, "लाव पाचवं." मी लावले. ती डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते. संपल्यावर म्हणाली, "ताई, हे मी गायलंय."

"तुझा घसा बसला होता."

"रात्रीतून मोकळा झाला. तू बाहेर बाकावर बसली होतीस. मला सगळं आठवतंय. तू असं का करते आहेस?"

खोटे बोलताना ती कानाची पाळी ओढते, लहानपणापासून. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. ती खोटे बोलत नव्हती. अडतीस वर्षे टाळ्या घेता घेता ते गाणे तिचे होऊन गेले होते. मी इतकी वर्षे जिच्यावर राग धरला ती सगळे जाणून असलेली बाई होती, आणि तशी बाई आता कुठे राहिलीच नव्हती. मग माझ्या रागाने जायचे कुठे?

ती गेल्यावर मी सातवे गाणे लावून बरोबर गायला लागले. बहात्तराव्या वर्षी गळा कुठला. त्यातून काहीच ठरले नाही. उलट मला वाटू लागले, बाकावर खरेच मी तर नव्हते?

६. म्हणून पुढील व्यवस्था.

कॉम्प्युटर, त्यातल्या प्लेअरसह, धाकट्या बहिणीला द्यावा. आपोआप माहिती आणण्याची खूण मी काढून टाकली आहे, ती कोणी परत लावू नये. तिने गाणी ऐकावीत किंवा पुसावीत, तिची मर्जी. मात्र ऐकताना पडद्यावर नाव माझे असेल.

दुकानाकडची माझी हरकत माझ्यामागे वकीलबाईंच्या हाती राहील. तिन्ही गाण्यांवर माझे नाव लागेल त्या दिवशी त्यांनी ती मागे घ्यावी. त्याआधी नाही, कोणी कितीही रडले तरी.

भाचीला काही नाही.

७. साक्षीदारांविषयी. स्टुडिओतला तेव्हाचा रेकॉर्डिस्ट जिवंत आहे का, हे मी ऑपरेटर बायकांना विचारले. त्यांनी दोन दिवसांत त्याचा पत्ता काढला. तो आता ठार बहिरा आहे, मुलीकडे राहतो. मी प्रश्न कागदावर लिहिला: दुसऱ्या दिवशी आत कोण होते? त्याने वाचला, माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "सांगणार नाही, लिहून देईन. सही करायला बोलवा."

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून त्याला काही ठेवलेले नाही. सहीशेजारी तो काय लिहिणार हे मला आत्ता, हे लिहिताना, माहीत नाही. तो धाकटीचे नाव लिहील तर तेही तसेच राहावे. मी खाडाखोड करणार नाही. घर नर्सलाच जाईल.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही: थोरली बहीण, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
ठिकाण: राहते घर, तिसरा मजला
दिनांक: २२ नोव्हेंबर २०१९, शुक्रवार, दुपारी साडेतीन

साक्षीदार पहिले: डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार दुसरे: रेकॉर्डिस्ट, निवृत्त. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मला ऐकू येत नाही, पण काचेतून पाहिलेले आठवते. पहिल्या दिवशीची मुलगी ठेंगणी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला माइकचा स्टँड वीतभर वर चढवावा लागला. जिच्यासाठी चढवला ती आत्ता माझ्यासमोर बसली आहे. तिन्ही गाणी तिने पहिल्याच टेकला दिली. मला तेव्हा तिला सांगायचे होते की छान झाली, पण कंपनीचा माणूस घाई करत होता.